रेषेवर आलेला दोर

मी एक जुना दोर आहे. सुती, अंगठ्याएवढा जाड आणि मुळात पांढरा. मुळात हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण आज मला पाहिलंत तर माझा रंग कोणता हे तुम्हाला सांगता येणार नाही. कुठे मी मातकट आहे, कुठे काळा, आणि मध्यावर वीतभर जागेत कोणीतरी चघळून झालेलं च्युइंगगम दाबून ठेवलं आहे. ते गुलाबी आहे. मित्रांनो, ज्याच्या अंगाला दुसऱ्याचं उष्टं वर्षानुवर्षं चिकटून बसलं आहे, त्याने गोडगोड बोलावं अशी अपेक्षा करू नका. मी जे पाहिलं ते मला आवडलेलं नाही, आणि ते मी तसंच सांगणार आहे.

माझा जन्म दोर वळणाऱ्यांच्या लांबलचक पडवीत झाला. एका टोकाला चाक फिरवणारी बाई आणि दुसऱ्या टोकाला मागे मागे चालत जाणारा तिचा भाऊ, यांच्यामध्ये मी वळला गेलो. दोघंही काम सुरू करायच्या आधी हात स्वच्छ धुऊन पुसत. तेव्हापासून मला वाटत आलं, की जगात सगळेच हात असे असतात. जगाची मला काहीच कल्पना नव्हती.

मला विकत घेतलं मावशीने. ती तशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण अख्खी गल्ली तिला त्याच नावाने हाक मारायची. तिची लाँड्री होती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मधल्या खोलीत धुण्याची दोन मोठी यंत्रं आणि मागे लांबट अंगण. त्या अंगणात मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलं. माझ्यावर चादरी वाळत, उशांचे अभ्रे वाळत, डॉक्टरांचे पांढरे कोट वाळत. माझ्या अंगाला फक्त धुतलेलं लागायचं, आणि साबणाच्या वासात मी मोठ्या थाटात दिवस काढत होतो. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला पुन्हा मिळाले तर हवे आहेत.

अंगणाच्या भिंतीपलीकडे गल्लीतली मुलं फुटबॉल खेळत. एक दिवस बॉल भिंतीवरून आला आणि नुकत्याच वाळत घातलेल्या चादरीवर आदळला. चादरीच्या बरोबर मधोमध चिखलाचा गोल. मला शिसारीच आली. मावशी कमरेला हात लावून दारात आली तेव्हा मुलं खाली मान घालून उभी होती.

"हा चिखल कोणाचा?" मावशीने विचारलं.

सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, "बॉलचा."

मला वाटलं, आता याचे कान पिळले जाणार. पण मावशी फिसकन हसली, आणि तिथेच माझ्या सुखाच्या दिवसांना उतरती कळा लागली. तिने ती चादर पुन्हा धुतली आणि संध्याकाळी मुलांना घेऊन जागा शोधायला निघाली. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे मोठी मोकळी जमीन पडून होती. जमिनीच्या मालकाच्या घरचे पडदे मावशीकडेच धुवायला येत, त्यामुळे परवानगी मिळायला वेळ लागला नाही. तिने जुन्या चादरी चार रंगांत बुडवल्या, त्यांच्या बंड्या शिवल्या, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि दर रविवारी सकाळी लीग सुरू झाली. लाल, निळी, हिरवी आणि पिवळी बंडी. संघांना दुसरी नावंच नव्हती.

त्या लीगचा नियम एकच होता. जो येईल तो खेळेल, आणि बाकीचे जेवढे खेळतील तेवढंच खेळेल. चष्मा इलॅस्टिकने डोक्याला बांधून येणारा मुलगा आला. बॉल हातात घेऊन पळत सुटणारी एक मुलगी आली. दोन भाऊ आले, त्यांची भाषा इथे कोणालाच येत नव्हती. त्यांनी "दे" आणि "घे" हे दोन शब्द पहिल्याच दिवशी उचलले आणि त्यावर सगळा मोसम काढला. एकाला ऐकू कमी यायचं, म्हणून मावशी शिट्टी वाजवताना दुसऱ्या हाताने रुमालही हलवायची. नवं पोर कुंपणाशी घुटमळताना दिसलं, की ती लांबूनच म्हणायची, "ये, जागा आहे." हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. मला घाणीचा कितीही तिटकारा असला, तरी ते वाक्य ऐकायला मला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

आता माझं तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. मुलं आली की मागोमाग आईबाप येतात, आणि आईबाप मैदानात घुसतात. त्यांना अडवायला मावशीने मला अंगणातून सोडवून आणलं. मैदानाच्या रेषेपासून चांगलं लांब मला ताणलं आणि सांगितलं, की मोठ्यांनी दोराच्या मागे उभं राहायचं. माझं एक टोक बाजूच्या कुंपणाच्या एका खांबाला बांधलं. दुसऱ्या बाजूला मात्र बांधायला काहीच नव्हतं. ते टोक कोणीतरी हातात धरायला हवं होतं.

पहिल्या रविवारी बेकरीवाला आपल्या मुलावर ओरडला. "अरे मार ना, झोपलास का?" असं काहीतरी. मावशीने खेळ थांबवला, त्याच्याजवळ गेली, आणि माझं टोक त्याच्या हातात दिलं. "तुमच्या अंगात ताकद दिसतेय. धरा हे. दोन्ही हातांनी, आणि ढिलं सोडायचं नाही." बेकरीवाला खेळ संपेपर्यंत मला धरून उभा राहिला. दोन्ही हात गुंतले, की बोट दाखवता येत नाही, आणि बोट दाखवता आलं नाही, की माणसाला ओरडण्यात मजा वाटत नाही. त्या दिवसापासून रीतच पडली. जो ओरडेल, तो दोर धरेल. लोक एकमेकांना चिडवायचे, "आज तुझी पाळी दिसतेय." हसतहसत धरायचे आणि गप्प व्हायचे.

माझे हाल मात्र कोणी विचारले नाहीत. बेकरीवाल्याच्या हाताला लोणी, गॅरेजवाल्याच्या हाताला काळं वंगण, कोणाला घाम, कोणी शिंकून तोच हात माझ्यावर ठेवलेला. मोठी माणसं इतकी अस्वच्छ असतात, हे मला लाँड्रीत कधी कळलं नव्हतं, कारण तिथे माझ्यापर्यंत येण्याआधी त्यांचे कपडे उकळलेले असत. तरी मी ते सोसलं. समोर मुलं मोकळी पळत होती आणि ती माझ्यामुळे मोकळी होती, याचा मला थोडा तोराही होता.

मग बिघडलं. आणि मित्रांनो, ते कोणाच्या वाईटपणामुळे बिघडलं नाही, हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं.

एका मुलाचे आजोबा आले. त्यांची नजर अधू झाली होती. ते मावशीला म्हणाले, "पोरी, इथून मला नातू दिसतच नाही. नुसते रंग पळताना दिसतात." मावशी विरघळली. "या की, जागा आहे," म्हणाली आणि मला थोडं पुढे सरकवलं. पुढे एक बाई बाबागाडी घेऊन आली. मागे ऊन होतं, पुढे झाडाची सावली होती. "या, जागा आहे." मी आणखी पुढे. मग फोनवर मुलांचे व्हिडिओ काढणारे आले. त्यांना चेहरे नीट यायला हवे होते. मावशीला कोणाला नाही म्हणता येत नसे. जे वाक्य तिने मुलांसाठी जपलं होतं, तेच ती आता मोठ्यांनाही वाटत सुटली. मी सरकत सरकत शेवटी मैदानाच्या रेषेवरच येऊन बसलो. त्यातच गॅरेजवाल्याने प्रेमाने एक लोखंडी खांब आणून रोवला. "उगाच माणसाला ताटकळत का उभं करायचं?" माझं दुसरं टोक त्या खांबाला बांधलं गेलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि दोर धरायची रीत त्याच दिवशी मोडली.

आता त्यांचे सगळ्यांचे हात मोकळे होते आणि तोंडंही. मी जे ऐकलं ते सगळं इथे सांगणार नाही, कारण तुम्ही लहान आहात. पण चांगल्या इस्त्रीचे कपडे घातलेली, सकाळी दात घासून आलेली माणसं आठ-नऊ वर्षांच्या पोरांना काय काय म्हणू शकतात, ते मला तिथे कळलं. "त्या चष्मेवाल्याला काढा." "हिच्यामुळे आज आपण हरणार." आपण म्हणे. यांच्यातला एकही जण मैदानात नव्हता. ते ओरडताना माझ्यावर रेलायचे, माझ्यावर कोपर टेकायचे, आणि त्यांच्या तोंडातले तुषार माझ्यावर उडायचे. बिस्किटांचा चुरा, चहाचे थेंब आणि ते च्युइंगगम याच काळातलं. सोमवारी कोण जिंकलं हे कोणाच्या लक्षातही राहायचं नाही, पण पोरांना काय बोललं गेलं ते पोरांच्या लक्षात राहायचं.

याच सुमारास मुंगी आली. हे तिचं टोपणनाव. दिसायला लहानखुरी, चाल मंद, पण थांबणं माहीत नाही. तिचं घर दुसऱ्या गावाहून नुकतंच इथे आलं होतं. आई दवाखान्यात नर्स, रविवारीही ड्युटीवर. त्यामुळे तिला बाबा घेऊन यायचे. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. मुंगीला मावशीने पिवळी बंडी दिली आणि कडेला खेळायला सांगितलं, म्हणजे माझ्या अगदी शेजारी. पहिल्या दिवशी ती इतकी खूश होती, की बॉल दुसऱ्या टोकाला असतानाही एकटीच कडेकडेने पळत होती.

बाबांना ते बघवेना. "डावीकडे घे! मागे बघ, मागे! अगं थांब, थांब म्हणतोय ना!" शेजारी उभे असलेले खो खो हसले. कोणीतरी म्हणालं, "ब्रेक दाबा, ब्रेक." बाबांना ती दाद वाटली असावी, कारण त्यांनी आवाज वाढवला. मुंगीचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि बाबांचं तोंड माझ्या बरोबर वर. त्यांच्या थुंकीचा शिंतोडा तिच्या मानेवर पडलेला मी पाहिला. तिने तो हाताच्या पाठीने पुसला आणि हात बंडीला पुसला. शी! मला त्या क्षणी स्वतःचीही किळस आली, कारण त्या दोघांमध्ये मी होतो आणि माझा काही उपयोग नव्हता.

खेळ संपल्यावर गाडीकडे जाताना बाबा म्हणायचे, "तुझ्या भल्यासाठीच सांगतो." ती मान पुसत पुढे चालत राहायची.

हळूहळू मुलांनी माझी बाजू सोडली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सगळी मुलं पलीकडच्या अंगाला खेळू लागली. बॉल माझ्याकडे आला तर तो बाहेर जाऊ देत. तिकडची जमीन पायांनी तुडवून बोडकी झाली, आणि माझ्या पुढ्यात गवत घोट्याच्या वर वाढलं. त्या गवतात एकटी मुंगी उभी असायची, कारण मावशीने तिला तिथे उभं राहायला सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं ऐकणारी होती.

एक दिवस बॉल सरळ तिच्याकडे आला. "पाय उचल! पाय!" बाबा ओरडले. "मार!" "सोड!" "पुढे जा!" "मागे दे!" दोराभर तोंडंच तोंडं. मुंगीने पाय उचललाच नाही. बॉल तिच्या बाजूने गेला, माझ्या खालून गेला आणि कोणाच्या तरी पिशवीला लागून थांबला. मग तिने मला वर उचललं आणि वाकून खालून बाहेर आली. पिवळी बंडी काढली. ती माझ्यावर नीट टाकली, दोन्ही बाजू सारख्या करून.

"मुंगे, हे काय?" बाबा म्हणाले.

ती मोठ्याने बोलली नाही, पण तोवर सगळे गप्प झाले होते. "मावशी म्हणते, इथे सगळ्यांना जागा आहे. मला नाही राहिली."

आणि ती गाडीत जाऊन बसली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मावशी बंडी घ्यायला माझ्याकडे आली. बंडी उचलता उचलता तिचं लक्ष खाली गेलं. तिने वाकून गवताला हात लावला. मग मैदानाच्या पलीकडच्या बोडक्या पट्ट्याकडे पाहिलं, पुन्हा गवताकडे पाहिलं, आणि तिथेच मटकन बसली. मी तिला लाँड्रीत आजारपणातही बसलेलं पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी लोक यायच्या आत तिने लोखंडी खांब हलवून हलवून उपटला आणि मला ओढत मागे, माझ्या जुन्या जागी नेलं. लोक आले आणि कुरकुर सुरू झाली. इथून दिसत नाही. इथे ऊन लागतं. व्हिडिओत काही येत नाही. फोनवाल्यांपैकी एकाने आवाज चढवला, "लीग सगळ्यांसाठी आहे ना? मग आम्हाला लांब का ढकलता?"

"सगळ्यांसाठी आहे," मावशी म्हणाली. "सगळे म्हणजे ती मुलं, तिथे बंड्या घालून उभी आहेत ती. आपण पाहुणे. मला हे आधी सुचायला हवं होतं." अधू नजरेच्या आजोबांसाठी तिने एक खुर्ची रेषेजवळ ठेवली, कारण ते कधी ओरडत नसत. बाकी कोणासाठी तिने मला तसूभरही हलवलं नाही. दोन-तीन घरं रागावून निघून गेली. त्यांच्या कोपरांची मला अजिबात आठवण येत नाही.

तेवढ्यात मुंगीचे बाबा आले. एकटेच. मावशीकडे जाऊन हळू आवाजात म्हणाले, "ती यायला तयार नाही. घरीही फारशी बोलत नाही माझ्याशी. तुम्ही जरा समजावा ना तिला."

"मी काय समजावू? तुमच्या गाडीत शिकणारा बसतो, त्याच्यावर ओरडता का तुम्ही?"

"छे. ओरडलं तर तो घाबरतो. घाबरला की ठोकतो."

एवढं बोलून बाबा थांबले. आपण आत्ता काय बोललो, ते त्यांना ऐकू आलं असावं. मावशी माझ्यापाशी आली. माझं मोकळं टोक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या मुलीविना चाललेला तो सगळा खेळ, दुसऱ्यांच्या पोरांचा, ते मला धरून बघत राहिले. त्यानंतरच्या रविवारीही आले आणि न सांगता येऊन टोक उचललं. त्यांचे तळहात ओलसर होते, आणि मला ते मुळीच आवडले नाहीत.

मग एका रविवारी गाडीत मुंगी होती. ती उतरली नाही. आधी काच बंद होती, मग अर्धी खाली आली, मग पूर्ण. बऱ्याच वेळाने ती खाली उतरून मावशीकडे गेली.

"दोर बाबांच्याच हातात राहील?"

"राहील."

"ओरडले नाहीत तरी?"

"तरीही."

मुंगीने पिवळी बंडी घातली आणि आपल्या कडेला जाऊन उभी राहिली. तिला बॉल दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा निसटला. दोन्ही वेळा बाबांची मूठ माझ्यावर अशी आवळली, की माझा पीळ दुखावला. पण वरून आवाज आला नाही. तिसऱ्यांदा बॉल आला, तेव्हा मुंगीने तो पायाखाली थांबवला. मान वर केली. सावकाश बघितलं आणि चष्मेवाल्या मुलाकडे सरळ दिला. गोल वगैरे काही झाला नाही. चष्मेवाल्याने मारलेला बॉल भलतीकडेच गेला. पण तो पास इतका नेटका होता, की दोरामागची सगळी माणसं टाळ्या वाजवू लागली.

बाबांना टाळी वाजवता येईना. टाळी वाजवायची तर मला सोडावं लागणार, आणि मला सोडायचं नाही असं ठरलं होतं. मुंगीने वळून पाहिलं. इतक्या दिवसांत ती खेळताना पहिल्यांदा माझ्या बाजूला बघत होती. बाबा दोन्ही हातांनी मला छातीशी घट्ट धरून उभे होते, आणि त्यांनी मला सोडलं नाही. तिने ते नीट पाहून घेतलं आणि हसून बॉलमागे पळाली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, नाक वाहायला लागलं, आणि हात तर गुंतलेले. तेव्हा त्या माणसाने मान खाली घातली आणि आपलं नाक माझ्यावर पुसलं.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. तुमच्या मैदानावर असा दोर असेल, तर तो रेषेपासून लांब बांधा आणि कोणी कितीही गोड बोललं तरी पुढे सरकवू नका. मोठी माणसं ओरडायला लागली, तर त्यांच्या हातात त्याचं टोक द्या. आणि खेळ संपला की त्या दोराला साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, कारण त्याने दिवसभर तुमच्यासाठी काय काय सोसलं आहे, ते तो तुम्हाला कधी सांगणार नाही.